होडीचा तळ आणि समुद्राची लाट

कोकणातील कोळी आपला मचवा खाडीतून समुद्रात नेतो. खाडीचा आडोसा असल्यामुळे त्याला खोल तळाची नौका बाळगता येते. चेन्नईच्या कोळ्यास ही सोय नाही. तेथील किनारा सरळ व वालुकामय असून त्यावर बंगालच्या उपसागराच्या लाटा येऊन फुटत असतात. कूवम व अड्यार या नद्या शहरातून वाहत जाऊन समुद्रास मिळतात खऱ्या. परंतु त्यांची मुखे वारंवार वाळूने भरून येतात. कासिमेडूच्या मच्छीमार बंदरात मोठ्या यांत्रिक नौकांना आश्रय मिळतो. मरीनालगतच्या कोळीवाड्यांतील लहान होड्यांना मात्र उघड्या वाळूवरून फुटत्या लाटांत शिरावे लागते आणि त्याच वाटेने परतावे लागते. अशा ठिकाणी होडीच्या तळाला कोणता आकार द्यावा, हा प्रश्न जीविताशी निगडित होतो.

या प्रश्नाची जुनी उत्तरे दोन होती. मद्रासला बंदर होण्यापूर्वी जहाजे दूर नांगरून ठेवीत व माणसे आणि माल ‘मसुला’ नावाच्या होड्यांतून किनाऱ्यावर आणीत. या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी जोडलेल्या नसून काथ्याने शिवलेल्या असत. त्यामुळे तळ वाळूवर आदळला तरी फळ्या किंचित लवत, फुटत नसत. दुसरे उत्तर म्हणजे ‘कट्टुमरम’. तमिळमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणे व ‘मरम’ म्हणजे लाकूड. हलक्या लाकडाचे ओंडके दोरीने एकत्र बांधले की ही नौका तयार होई. तिला पोकळ पोट नसल्यामुळे लाटेचे पाणी आत साचत नसे. ते ओंडक्यांच्या फटींतून निघून जाई. स्वार भिजे, पण नौका बुडत नसे.

इंजिन आले आणि वेगाचा प्रश्न उभा राहिला. पाणी कापीत जाणारी नौका स्वतःच लाटा निर्माण करते. वेग वाढेल तशी या लाटांची लांबी वाढते. अखेर ती नौकेच्या लांबीएवढी होते, तेव्हा नौका दोन शिखरांमध्ये अडकल्यासारखी होते. तिचे पुढचे टोक, म्हणजे नाळ, वर उचलली जाते आणि ती जणू स्वतःच्याच लाटेचा चढ चढू लागते. पाण्यातील ७ मीटर लांबीच्या होडीला ही मर्यादा ताशी सुमारे १२ किलोमीटर वेगास जाणवते. लाटांच्या या विरोधाचा पद्धतशीर अभ्यास विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने केला. त्यासाठी त्याने १८७० नंतरच्या दशकात टॉर्की येथे लांब हौद बांधून त्यात नौकांच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या.

ही मर्यादा ओलांडण्याचा एक मार्ग म्हणजे पाणी कापण्याऐवजी पाण्यावरून घसरत जाणे. किंचित कललेला सपाट तळ वेगाने पुढे जाताना पाण्यास खाली दाबतो. पाणी त्यास वर उचलते. त्यामुळे होडीचा पाण्यात बुडालेला भाग कमी होतो व विरोधही घटतो. सपाट तळाला ही उचल सर्वांत सहज मिळते. शिवाय असा तळ उथळ पाण्यात चालतो आणि वाळूवर सरळ बसतो.

पण येथेच अडचण उद्भवते. वाचकांनी बादलीतील पाण्यावर तळहात आडवा आपटून पाहावा व नंतर हाताची धार पाण्यात घालून पाहावी. पहिल्या वेळी हात झिणझिणतो. दुसऱ्या वेळी तो अलगद आत जातो. वेगात जाणारी सपाट होडी लाटेवरून उडून खाली आली की तिच्या तळाची हीच गत होते. तळ पाचरीसारखा निमुळता केला तर तो पाण्यात हळूहळू शिरतो, आघात अधिक काळात विभागला जातो आणि धक्का सौम्य होतो. १९६० साली मायामी ते नॅसॉ या शर्यतीत रेमंड हंट या अमेरिकन रचनाकाराच्या नौकेने खवळलेल्या समुद्रात विजय मिळविला. तिच्या तळाच्या दोन्ही बाजू आडव्या पातळीशी सुमारे २४ अंशांचा कोन करीत होत्या.

मग हाच तळ चेन्नईस का चालू नये? कारण त्याला उचल कमी मिळते. म्हणून इंजिन मोठे हवे व इंधन अधिक हवे. जाळे ओढण्यासाठी थांबलेली अशी होडी अधिक डोलते. वाळूवर ओढली की ती एका कुशीवर कलते. मासळीने भरल्यावर तर ती पाण्यावर घसरण्याइतकी उचललीही जात नाही.

१९७९ मध्ये सुरू झालेल्या आणि मद्रासमध्ये मुख्यालय असलेल्या ‘बंगाल उपसागर कार्यक्रमा’त या विशिष्ट गरजांचा विचार झाला. तेथे वाळूवर उतरणाऱ्या होड्यांचे नमुने विकसित करण्यात आले. किनारा जवळ येताच पंखा वर उचलून घेता यावा, अशीही योजना त्यांत होती. पुढे काचतंतूंच्या होड्या प्रचारात आल्या व २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर त्यांचा प्रसार फार वाढला. अशा होडीस सामान्यतः मधला मार्ग मानवतो: नाळेकडे निमुळता तळ, म्हणजे लाट फाडता येते, मागे सपाट तळ, म्हणजे भार पेलतो. अर्थात आकार कितीही उत्तम असला तरी आघाताच्या जागी कवच पातळ असेल, तर त्याचा उपयोग नाही.

आणखी एक मार्ग आहे. शरीर अरुंद व लांब केले की लाटाच लहान निघतात. मात्र असे एकच शरीर सहज कलंडते. म्हणून दोन शरीरे अंतर ठेवून जोडतात. जलद प्रवासी नौका याच तत्त्वावर बांधतात आणि त्यांना ‘कॅटमरान’ म्हणतात. हा शब्द मूळचा कट्टुमरमचाच. तथापि, मद्रासच्या ओंडक्यांच्या तराफ्याला अशी दोन शरीरे नव्हती.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. सर्व पाण्यांसाठी उत्तम असा एकच तळ नाही. वेग, सौम्य चाल, स्थैर्य व भार यांपैकी एक गुण वाढविला की दुसऱ्यात काही सोडावे लागते. म्हणून होडी निवडताना ती किती वेगाने धावते, एवढेच विचारून भागत नाही. ती किती भार घेऊन, कोणत्या पाण्यातून आणि कोणत्या किनाऱ्यावर परतणार आहे, हे आधी विचारावे लागते.