रस्ता सुसाट, रक्त सावकाश

नांदगाव पेठच्या टोलनाक्यावर दुचाकीला पैसे पडत नाहीत. तिथून नागपूर गाठायचे, ४४ क्रमांकाचा महामार्ग धरायचा, की थेट श्रीनगर. पुढे झोजी ला ही खिंड ओलांडून लेह. वऱ्हाडातून लडाखला निघणाऱ्याला घरचे आणि मित्र दोनच गोष्टी विचारतात: रस्ता कसा आहे, आणि गाडी ओढेल का? गेल्या काही वर्षांत दोन्हींची उत्तरे समाधानकारक झाली आहेत. पण त्यामुळेच तिसरा, सहसा न विचारला जाणारा प्रश्न जास्त अवघड होऊन बसला आहे. उंच खिंडीकडे जाणाऱ्या मोटारसायकलस्वाराला आज खराब रस्त्यापेक्षा चांगल्या रस्त्याची भीती अधिक बाळगायला हवी. रस्ता माणसाला काही तासांत वर पोहोचवतो, शरीराला मात्र त्या उंचीशी जुळवून घ्यायला दिवस लागतात.

आधी रस्त्याचे पाहू. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत अखंड डांबरून झाली आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याच बुकाने २०२१ मध्ये सीमा सडक संघटनेच्या उमलिंग ला रस्त्याची नोंद केली होती: चिसुमले ते डेमचोक हा ५२ किलोमीटरचा डांबरी रस्ता १९,०२४ फुटांवरून जातो. मनालीच्या बाजूला ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला. रोहतांगचा घाट टळला, ४६ किलोमीटर अंतर आणि चार-पाच तास वाचले. हिमाचल-लडाखमध्ये राहणाऱ्यांसाठी हे वरदानच आहे. हिवाळ्यात लाहौलचा पेशंट कुल्लूच्या दवाखान्यात पोहोचू शकतो. पाहुण्या दुचाकीस्वाराचा हिशेब मात्र वेगळा. चिखल, बर्फ आणि ट्रकांच्या रांगा त्याला पूर्वी जबरदस्तीने थांबवत, मुक्काम करायला लावत. तो त्रास गेला, आणि त्या त्रासातून नकळत मिळणारी विश्रांतीही गेली.

गाडीचेही तसेच झाले. कार्बोरेटरच्या गाडीत जेटचे माप ठरलेले. उंचीवर हवा विरळ झाली तरी पेट्रोल जवळजवळ तेवढेच येणार. मिश्रण घट्ट होते, प्लग काळा पडतो, पिकअप जातो, आणि शेवटच्या वळणांवर डबलसीटवाल्याला उतरून चालावे लागते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि फ्युएल इंजेक्शन जवळपास सगळ्या गाड्यांत आले. सेन्सर हवेचा अंदाज घेऊन पेट्रोल कमी करतो. ताकद तरीही घटते, कारण हवाच कमी. पण इंजिन कुरकुरत नाही. जुनी गाडी मालकाच्या आधी दमायची आणि त्याला सावध करायची. नवी गाडी ते काम करत नाही.

आता शरीर. हवेतला ऑक्सिजनचा वाटा सगळीकडे २१ टक्केच असतो. घटतो तो दाब. खारदुंग ला या खिंडीत तो समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त उरतो. शरीर पहिल्यांदा श्वास वाढवते. त्याने कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्ताचा आम्ल-अल्क तोल बिघडतो आणि मेंदू पुन्हा श्वासाला लगाम घालतो. मूत्रपिंडे जादा बायकार्बोनेट लघवीवाटे टाकतील तेव्हा हा लगाम सैल होतो, आणि त्याला काही दिवस जातात. नव्या तांबड्या पेशींना तर आठवडे. म्हणून ३,००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त उंचवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा डॉक्टरांचा ठोकताळा आहे. पीटर हॅकेट आणि ड्रमंड रेनी यांनी १९७६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये नेपाळच्या फेरिचे गावचा, ४,२४३ मीटरवरचा अभ्यास छापला. २७८ पदयात्रींपैकी ५३ टक्क्यांना उंचीचा त्रास झाला होता. विमानाने २,८०० मीटरवर उतरलेल्यांत, घाईने चढलेल्यांत आणि वाटेत कमी रात्री काढलेल्यांत तो जास्त होता. डोंगर एकच, वाटही तीच. फरक चढण्याच्या वेगाचा.

यावर पहिला आक्षेप दमखमाचा. मे महिन्यात ४५ अंशांत राबणारा, दर पावसाळ्यात परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणारा वऱ्हाडी गडी सहज डगमगायचा नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण अमरावती सुमारे ३४३ मीटरवर आहे आणि चिखलदरा १,११८. त्या घाटात हात बसतो, वळणे अंगवळणी पडतात. रक्तात काही बदलत नाही. डॉ. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ज्या १,९२५ भारतीय जवानांच्या उंचीवरील आजाराचे वर्णन केले, ते काही अशक्त नव्हते. आपले लष्कर आजही जवानाला ९,००० फुटांपासून सहा, चार आणि चार दिवसांच्या तीन टप्प्यांनी वर नेते. दुसरा आक्षेप: लोक विमानाने थेट ३,५०० मीटरवरच्या लेहला उतरतातच ना? उतरतात, पण जाणता प्रवासी पहिले एक-दोन दिवस खोलीतच पडून काढतो. ऑक्सिजनच्या छोट्या डब्याचा आधार काही मिनिटांचा. डायमॉक्सची गोळी मूत्रपिंडांच्या कामाला हातभार लावते, तीही डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. फुफ्फुसांत पाणी झाले किंवा मेंदूला सूज आली तर खाली उतरणे हाच मुख्य उपाय, आणि झोक जाऊ लागलेल्या माणसाला हँडल धरून उतरता येत नाही.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खिंडीत कोण झोपतो? दहा मिनिटे फोटो काढले की उतार लागतोच. हे खरे आहे, आणि त्यातूनच मुद्दा नीट उलगडतो. खारदुंग लाच्या पाटीवर वर्षानुवर्षे १८,३८० फूट लिहिलेले होते. प्रत्यक्ष मोजणीत उंची १७,५८२ भरते. आपण त्या आठशे फुटांवर वाद घालतो, पण लेहमध्ये दोन-तीन रात्री काढलेला माणूस ही खिंड ओलांडून त्याच दिवशी ३,१०० मीटरच्या आसपासच्या नुब्रा खोऱ्यात उतरतो. त्याची रात्र सुरक्षित असते. उलट, मनालीहून २,०५० मीटरवरून सकाळी निघून ४,८९० मीटरची बारालाचा खिंड ओलांडणारा आणि संध्याकाळी सुमारे ४,२९० मीटरवरच्या सरचूच्या तंबूत शिरणारा कुठलाही विक्रम करत नाही, आणि जास्त धोक्यात असतो. झोपेत श्वास मंदावतो, ऑक्सिजन आणखी घसरतो. श्रीनगरकडून जाताना झोजी ला ३,५२८ मीटरवर ओलांडून २,६७६ मीटरवरच्या कारगिलला मुक्काम पडतो, दुसऱ्या दिवशी फोटू लावरून लेह. पहिल्यांदा जाणाऱ्याने म्हणूनच श्रीनगरकडून चढावे आणि मनालीकडून उतरावे.

राहतो तो रजेचा प्रश्न. कारखान्यातली नोकरी, मोजकी सुटी. विश्रांतीचे दिवस आणायचे कुठून? ते चांगल्या रस्त्यानेच दिले आहेत. नागपूर ते जम्मू पूर्वीपेक्षा लवकर कापता येते. मैदानात वाचलेले ते दिवस आणखी एखादी खिंड यादीत घुसडण्यासाठी न वापरता लेहच्या आधी आणि लेहमध्ये थांबण्यासाठी वापरावेत. प्रवासाचा तक्ता आखताना खिंडींची नावे लिहिण्याआधी प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची उंची एका रकान्यात मांडावी. दोन रात्रींतला फरक फार दिसला, की मध्ये एक मुक्काम घालावा. रजेत तो बसत नसेल, तर यादीतून खिंड वगळावी, मुक्काम नाही.