अनवाणी धावण्याचा पहिला दिवस

१९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने मॅरेथॉन शर्यत अनवाणी धावून जिंकली. हे ऐकून उद्या पहाटे वहाणा टाकून धावत सुटावे, असे आपल्यापैकी कोणाला वाटेलही. पण बिकिलाच्या पायांना सवय होती. आपल्या पायांना ती नाही.

जाड टाचेचे बूट घालून धावताना बहुतेकांची टाच आधी टेकते. अनवाणी तसे केल्यास हादरा बसतो. म्हणून सवयीचे अनवाणी धावणारे पुष्कळदा चवड्यावर उतरतात व मग टाच टेकतात. हादरा सौम्य होतो खरा, पण भार नाहीसा होत नाही. तो पोटरीवर, टाचेमागच्या शिरेवर आणि चवड्याच्या लांब हाडांवर जातो. कातडी काही आठवड्यांत निबर होते, हाडे बळकट व्हायला महिने लागतात. तळवा तयार झाला, एवढ्यावर विसंबणाऱ्याच्या हाडाला बारीक चीर जाऊ शकते.

तेव्हा आधी काही दिवस नुसते अनवाणी चालावे. मग स्वच्छ, सपाट जमिनीवर पाचच मिनिटे, आखूड पावलांनी धावावे. दुसरा दिवस विश्रांतीचा. हाडावर एकाच जागी दाबताच कळ आली तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहाने ज्यांचे तळवे बधिर झाले आहेत, त्यांनी हा प्रयोग करूच नये. झालेली जखम त्यांना कळतही नाही.

१९६४ साली टोकियोत बिकिला पुन्हा जिंकला, तो बूट घालून! सामर्थ्य बुटात नव्हते, अनवाणीपणातही नव्हते. ते कसलेल्या पायांत होते.