घडीच्या कॅमेऱ्याचा फुगलेला भाव

कडेची कळ दाबली की पुढचे झाकण खटकन उघडते, लेन्स पुढे येते आणि तिच्यामागे काळा भाता ताणला जातो. काम झाले की सगळे मिटवून कॅमेरा कोटाच्या खिशात. विसाव्या शतकाच्या पहिल्या पाच-सहा दशकांत जगभरच्या हौशी लोकांनी अशा घडीच्या कॅमेऱ्यांवर फोटो काढले. कोडॅकचा १९१२ सालचा ‘व्हेस्ट पॉकेट’ पहिल्या महायुद्धात सैनिकांबरोबर खंदकांत गेला. पुढे जर्मनीत झाइस इकॉनचे ‘इकॉन्टा’ आणि ‘नेटार’, फोक्टलेंडरचा ‘बेसा’, आग्फाचा ‘इझोलेट’ अशा मालिका निघाल्या. मग ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यांनी बाजार काबीज केला आणि घडीचे कॅमेरे माळ्यावर गेले. अलीकडे तरुण मंडळी पुन्हा फिल्मकडे वळली, तसे हे कॅमेरे माळ्यावरून उतरून ऑनलाइन लिलावांत आले आहेत आणि तिथले भाव पाहून जाणकारही चक्रावतात. कॅमेरा गुणी आहे, दुर्मीळ आहे, म्हणून भाव चढला असे सर्रास समजले जाते. मला ते पटत नाही. चढलेल्या भावाचा मोठा हिस्सा कॅमेऱ्याबद्दल जे सांगितलेच जात नाही त्यातून येतो. खरेदीदार तिथे न तपासलेल्या आशेचे पैसे मोजत असतो.

गुणाचे श्रेय मात्र आधी द्यायला हवे. यातले बरेच कॅमेरे १२० क्रमांकाच्या रोलवर चालतात. कोडॅकने हा रोल १९०१ मध्ये आणला आणि कोडॅक, इलफर्ड, फोमा यांचे १२० रोल आजही मिळतात. ६ बाय ९ सेंटिमीटरच्या कॅमेऱ्यात एका रोलवर आठच फोटो निघतात, पण प्रत्येक निगेटिव्ह ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हपेक्षा पाचपटीहून मोठी असते. एवढी मोठी निगेटिव्ह देऊनही खिशात मावणारा कॅमेरा दुसऱ्या घडणीत सापडणे कठीण. तेव्हा मागणी खोटी नाही. खोटा आहे तो दुर्मीळपणाचा गाजावाजा. व्हेस्ट पॉकेट सुमारे २० लाख खपले. नेटार आणि इझोलेट हे तर मध्यमवर्गाला परवडावेत म्हणूनच काढलेले कॅमेरे, कारखान्यांतून ढिगाने बाहेर पडलेले. या घराण्यात खरेच दुर्मीळ काय, तर १९५० मध्ये आलेल्या ‘बेसा २’ची ‘अपो-लँथर’ लेन्स बसवलेली आवृत्ती. तिला संग्राहक चढी किंमत देतात ते समजण्यासारखे आहे. पण तेच ‘रेअर’ हे बिरुद आज तीन भिंगांची साधी ‘नोव्हार’ लेन्स असलेल्या नेटारलाही लावले जाते. जून २०२२ मध्ये लायकाचा शून्य मालिकेतला १०५ क्रमांकाचा कॅमेरा जर्मनीत वेट्झलारच्या लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. तो लायकाचे जनक ऑस्कर बारनाक यांचा स्वतःचा कॅमेरा होता आणि त्याचा घडीच्या कॅमेऱ्यांशी काही संबंध नव्हता, तरी अशी बातमी आली की घराघरांतला प्रत्येक जुना कॅमेरा मालकाला घबाड वाटू लागतो.

भाव पाहण्याची आपली रीतच फसवी आहे. विक्रीला लावलेल्या वस्तूंची यादी उघडली की तिच्यावर मागितलेल्या किमती दिसतात, मिळालेल्या दिसत नाहीत. रास्त किमतीचा कॅमेरा लवकर विकला जाऊन यादीतून नाहीसा होतो, अवाच्या सवा किमतीचा महिनोन्‌महिने तिथेच पडून राहतो. म्हणजे कोणत्याही दिवशी यादी पाहा, तिच्यात न खपलेल्या महागड्या मालाची गर्दी असणारच. नवा विक्रेता आपला भाव ठरवायला तीच यादी चाळतो, त्याच आकड्यांच्या आसपास आपला आकडा लावतो आणि गर्दीत भर घालतो. झालेल्या विक्रीच्या नोंदी वेगळ्या पाहता येतात. त्या पाहणाऱ्याला त्याच कॅमेऱ्याचे मागितलेले आणि मिळालेले भाव यांतली दरी लगेच कळते. पण ती पायरी बहुतेक जण चढत नाहीत.

खुद्द लिलावात, जिथे भाव बोलीने ठरतो, तिथे तरी खरी किंमत निघते का? ईबेसारख्या ठिकाणी बोली लावणारा आपली कमाल रक्कम नोंदवतो, ती इतरांना दिसत नाही आणि संगणक त्याच्या वतीने लागेल तेवढीच बोली वाढवत नेतो. एकाची कमाल ९,००० रुपये आणि दुसऱ्याची ४,००० असेल तर कॅमेरा ४,००० च्या थोडा वर सुटतो. किंमत ठरते ती हरणाऱ्याच्या आकड्यावरून. विल्यम विकरी या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये अशा लिलावाचे गणित मांडले: आपल्याला वस्तू जेवढ्याची वाटते तेवढी रक्कम एकदाच सांगून मोकळे व्हावे, त्यातच हित आहे. माणसे तसे वागत नाहीत. मागे पडल्याचा निरोप आला की ती परत येतात आणि ठरवलेल्या रकमेच्या वर जातात. असे दोघे जण समोरासमोर आले की भाव कुठल्या कुठे जातो, आणि तो वाढवायला बाकी कुणीही लागत नाही. त्यात वस्तूची खरी अवस्था कुणालाच ठाऊक नसेल तर आणखी एक अडचण येते. मेक्सिकोच्या आखातातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांवर १९७१ मध्ये तीन अमेरिकी अभियंत्यांनी एक निबंध लिहिला. सगळेच अंदाजाने बोली लावत असतील तर जिंकतो तो ज्याचा अंदाज सर्वांत जास्त चुकलेला आहे, असे त्यांनी दाखवून दिले. तेलाच्या जागी भाता ठेवा, हिशेब तोच राहतो. दहा जण फोटो पाहून कॅमेऱ्याच्या अवस्थेचा अंदाज बांधतात आणि तो मिळतो सर्वांत आशावादी माणसाला.

अल्विन रॉथ आणि अॅक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातली एक गोष्ट या संदर्भात फार बोलकी आहे. ठरल्या वेळी संपणाऱ्या लिलावात अगदी शेवटच्या क्षणी बोली लावण्याची प्रवृत्ती असतेच, पण ईबेवर संगणकांपेक्षा जुन्या वस्तूंच्या लिलावांत ती जास्त दिसली. कारण जुन्या वस्तूच्या बाबतीत जाणकाराची बोली हीच माहिती असते. त्याने लवकर हात वर केला तर वस्तू अस्सल आहे हे बाकीच्यांना कळते, म्हणून तो शेवटपर्यंत गप्प बसतो. म्हणजे ज्याला कॅमेऱ्यातले कळते त्याचे मत लिलावात सर्वांत उशिरा येते, आणि तोवर भाव न कळणाऱ्यांच्या उत्साहावर चढत असतो.

आता प्रत्यक्ष कॅमेऱ्याकडे वळू, कारण सगळा वाद अखेर त्याच्या पोटात काय आहे यावर येऊन ठेपतो. लिलावातल्या फोटोत काय दिसते? चकचकीत निकेल, कातडी आवरण, लेन्सभोवती कोरलेले ‘टेसार’ हे नाव. दिसत नाही तो भाता आतून. युद्धोत्तर आग्फा कॅमेऱ्यांतले नकली कातड्याचे भाते घड्यांच्या कोपऱ्यांवर विरतात आणि टाचणीच्या टोकाएवढी भोके पडतात. त्यांतून शिरलेला उजेड फोटोवर पांढरे ठिपके आणि धुरकट पट्टे उमटवतो. याच कॅमेऱ्यांत फोकसच्या आट्यांना लावलेले ग्रीस दशकांनंतर हिरवट डिंकासारखे घट्ट होते, पुढचे भिंग मधल्या भिंगाला चिकटून बसते, आणि कडे फिरवले की दोन्ही भिंगे एकत्र फिरतात. पट्टीवर अनंत अंतर दिसते आणि फोटो मात्र अंधूक येतो. शटरचे तसेच. १/१०० सेकंदाला ते छान टिचकी वाजवते, पण एका सेकंदावर ठेवले की मध्येच अडते, कारण मंद वेगाची दातेरी चाके जुन्या तेलाने जखडलेली असतात. यातले काहीही समोरून काढलेल्या फोटोत दिसणार नाही. आणि हे तपासायला लागते काय? अंधारी खोली, मागचे दार उघडलेला कॅमेरा आणि भात्यात सोडलेली विजेरी. फार तर दोन मिनिटे. जो विक्रेता वीस फोटो काढून चढवू शकतो त्याला हे सहज जमावे. तरी वर्णनात ‘अनटेस्टेड’ एवढाच शब्द असतो. भाता धड असता तर त्याने ते ठळकपणे लिहिले असते, कारण त्याने भाव वाढतो. तेव्हा त्याच्या मौनाचा अर्थ वाईटच धरला पाहिजे. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजारावर १९७० मध्ये लिहिलेल्या निबंधात म्हटले होते की दोष फक्त विकणाऱ्याला ठाऊक असतात तिथे घेणारा सरासरी दर्जा धरून भाव देतो आणि चांगला माल बाजारातून बाहेर पडतो. कॅमेऱ्यांच्या लिलावात याच रोगाचे दुसरे लक्षण दिसते. घेणारा सरासरीही धरत नाही, तो सर्वोत्तम धरतो, कारण फोटो तसा आहे. सदोष कॅमेऱ्याला धड कॅमेऱ्याचा भाव मिळतो तो असा, आणि ज्याने खरोखर दुरुस्त करून विकायला ठेवला आहे त्याला आपल्या मेहनतीचा वेगळा मोबदला मागताना दमछाक होते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: घेणाऱ्याने राजीखुशीने पैसे दिले, मग तीच खरी किंमत. राजीखुशी मान्य, पण ती कशाला दिली होती ते पाहायला हवे. चालणारा कॅमेरा समजून दिलेला पैसा न चालणाऱ्या कॅमेऱ्याची किंमत ठरवू शकत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे. नवे घडीचे कॅमेरे आता निघत नाहीत. फूजीने २००९ च्या सुमारास ‘जीएफ ६७०’ काढून पाहिला, तोही बंद झाला. जुने दरवर्षी मोडत जातात, म्हणजे पुरवठा घटणार आणि भाव चढणारच. हे मला मान्य आहे, आणि चालत्या कॅमेऱ्याला चढा भाव मिळाला तर आनंदच. भाता बदललेल्या, शटर साफ केलेल्या, फोकस जुळवलेल्या आणि एक रोल घालून तपासलेल्या इकॉन्टाला न तपासलेल्याच्या तिप्पट किंमत मागितली तरी ती रास्त म्हणावी. टंचाई आहे ती अशाच कॅमेऱ्यांची. न तपासलेल्यांची टंचाई नाही. तिसरा मुद्दा शोभेसाठी घेणाऱ्यांचा. काचेच्या कपाटात ठेवायला कॅमेरा हवा असेल तर भात्याची भोके कुणाला खुपणार? त्यांच्याशी भांडण नाही. पण त्यांनी दिलेला भाव फोटो काढू पाहणाऱ्याने मापदंड म्हणून घेऊ नये.

फिल्मच्या मापाबद्दल थोडक्यात, कारण इथेच नवखा सर्वांत जास्त फसतो. ११६ आणि ६१६ मापाचे रोल कोडॅकने १९८४ मध्ये बंद केले, ६२० आणि १२७ चे १९९५ मध्ये. ६२० म्हणजे १२० चीच फिल्म, फक्त बारीक फिरकीवर गुंडाळलेली. अंधारात १२० चा रोल त्या फिरकीवर गुंडाळून घेता येतो, पण ती खटपट प्रत्येक रोलला आली. बाकीच्या मापांसाठी जुगाड करावे लागते. तरी लिलावातल्या भावांत हा फरक जेवढा पडायला हवा तेवढा पडत नाही.

आपल्याकडच्या खरेदीदाराला हे सगळे आणखी महाग पडते. जर्मनीतून किंवा जपानमधून मागवलेल्या कॅमेऱ्यावर टपालखर्च आणि सीमाशुल्क चढते, आणि भाता फाटका निघाला तर परत पाठवण्याचा खर्चच कधी कधी कॅमेऱ्याइतका होतो. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात घासाघीस करावी लागते, खोट्या कहाण्याही ऐकाव्या लागतात. पण कॅमेरा हातात घेता येतो, दार उघडून उजेडाकडे धरता येतो, एका सेकंदाचे शटर कानाशी नेऊन ऐकता येते. कोकणात, गोव्यात आणि मुंबईत पावसाळ्याची दमट हवा लेन्सवर बुरशी आणते, हेही तिथे भिंगातून आरपार पाहून कळते. ऑनलाइन घ्यायचाच असेल तर त्याच मालिकेचा दुरुस्त, तपासलेला कॅमेरा प्रत्यक्षात कितीला विकला गेला ते शोधावे, त्यातून भाता, शटर आणि फोकस या तिन्ही दुरुस्त्यांचा खर्च वजा करावा, आयातीचा खर्च वजा करावा आणि उरेल तेवढीच बोली एकदा लावावी. बहुतेक लिलाव या आकड्याच्या वर जातील. ते जाऊ द्यावेत. नवा भाता कापून बसवणारे, जखडलेले शटर उघडून साफ करणारे कारागीर मोजके उरले आहेत आणि वाचलेला पैसा त्यांच्याकडे गेला तर कॅमेरा चालता राहील. आणि ज्यांच्या घरी आजोबांचा घडीचा कॅमेरा पडून आहे व तो विकायचा आहे, त्यांनी विजेरी आत सोडलेल्या भात्याचा अंधारातला फोटो वर्णनासोबत जोडावा. भाता धड असेल तर त्या एका फोटोने चार पैसे जास्त मिळतील आणि ते हक्काचे असतील. भोके दिसली तर किंमत उतरेल, पण घेणाऱ्याला भात्यासाठी किती बाजूला ठेवायचे ते आधीच कळलेले असेल.