बदाम-खसखस बंट केक : ओलावा टिकतो कसा?

रजा संपवून वसतिगृहात परतणाऱ्या कॅडेटच्या ट्रंकेत घरचा खाऊ असतोच. चकली, शंकरपाळे, बेसनाचे लाडू आठवडाभर टिकतात, कारण तळताना किंवा भाजताना त्यांतले बहुतेक पाणी निघून गेलेले असते. केकचे नेमके उलटे आहे. केक चांगला लागतो तो आतल्या पाण्यामुळेच, आणि ते पाणी उडाले की दोन रात्रींच्या रेल्वेप्रवासात केकचा टोस्ट होतो. घरून केक आणायचा असेल, तर पाणी आत अडवून ठेवणारा केक निवडावा लागतो. बदाम-खसखसचा बंट केक तसा आहे. तो ओलसर का राहतो आणि घरी कसा करायचा, ते पाहू.

साच्याला मधे भोक कशासाठी?

बंट हे नाव साच्याचे आहे, चवीचे नाही. जर्मनी-ऑस्ट्रियाकडे कंगोऱ्यांचा, मधे पोकळ असा ‘गुगेलहुप्फ’ केक फार पूर्वीपासून करतात. १९५० मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात हदासा या ज्यू महिला संघटनेच्या काही सदस्यांनी नॉर्डिक वेअर कंपनीच्या डेव्हिड डालक्विस्ट यांच्याकडे तसा साचा मागितला. जुने साचे फार जड असत. डालक्विस्ट यांनी तो ओतीव ॲल्युमिनियमचा केला. सुरुवातीला तो फारसा खपला नाही. १९६६ च्या पिल्सबरी स्पर्धेत या साच्यातला एक चॉकलेट केक दुसरा आला आणि साच्याला एकदम मागणी आली.

भोक शोभेसाठी नाही. केकला उष्णता बाहेरून आत मिळते. वीस सेंटिमीटर व्यासाच्या खोल गोल डब्यात मध्यबिंदू कडेपासून दहा सेंटिमीटर लांब असतो. तो शिजेपर्यंत कडा वाळून जातात. बंट साच्यात मधल्या नळीतूनही उष्णता येते, त्यामुळे मिश्रणाचा कोणताही भाग तापलेल्या धातूपासून साधारण चार-साडेचार सेंटिमीटरच्या आतच असतो. सगळा केक जवळजवळ एकाच वेळी शिजतो आणि कडा कोरड्या पडत नाहीत.

ओलावा कोण धरून ठेवते?

केक कोरडा झाला की आपण पुढच्या वेळी दूध वाढवतो. त्याने केक चिकट होतो, खाली बसतो, पण ओलसर होत नाही. पाणी किती घातले यापेक्षा ते कोणी धरून ठेवले, याला महत्त्व आहे. या केकमध्ये ते काम चौघे करतात.

साखर : ती पाण्याला धरून ठेवते. गोड कमी हवे म्हणून साखर निम्मी केली, तर केक कोरडाही होतो.

तेल : लोणी थंड झाले की घट्ट होते आणि केक कडक वाटतो. तेल पातळच राहते, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही घास मऊ लागतो.

बदाम : बदामाच्या पुडीत ग्लुटेन नसते, त्यामुळे केक चिवट होत नाही. शिवाय बदामाचे स्वतःचे तेल असते.

दही : त्याच्या आंबटपणाने केक मऊ होतो आणि खायच्या सोड्यालाही काम मिळते.

साहित्य (अडीच लिटरच्या साच्यासाठी)

मैदा २८० ग्रॅम, बदाम १०० ग्रॅम, खसखस ४० ग्रॅम, साखर २८० ग्रॅम, अंडी ४, वास नसलेले तेल १८० मिलि, दूध १२० मिलि, घट्ट दही १२० ग्रॅम, बेकिंग पावडर २ छोटे चमचे, खायचा सोडा पाव छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा, एका लिंबाची किसलेली साल, बदामाचा इसेन्स अर्धा छोटा चमचा. हा इसेन्स उग्र असतो, जास्त घालू नये. मोजायला वाटीपेक्षा वजनकाटा बरा. मैदा दाबून भरला की वाटीत बराच जास्त मावतो.

कृती

१. खसखस मंद आचेवर दोन मिनिटे हलकी भाजावी आणि कोमट दुधात तासभर भिजवावी. कोरडी घातली तर ती मिश्रणातलेच पाणी ओढते.

२. बदाम गरम पाण्यात भिजवून सोलावेत, पुसून पूर्ण वाळवावेत आणि दोन चमचे मैदा घालून मिक्सरवर थांबत-थांबत फिरवावेत. सलग फिरवले की तेल सुटून लगदा होतो.

३. ओव्हन १७० अंश सेल्सिअसला तापत ठेवावा. मैदा, बदामाची पूड, बेकिंग पावडर, सोडा, मीठ एकत्र चाळावे. चाळणीत राहिलेला बदामाचा रवा टाकू नये, वरून घालावा.

४. अंडी आणि साखर पाच मिनिटे फेटावीत. मिश्रण फिकट आणि फुगीर झाले की धार धरून तेल घालावे. मग दही, खसखशीसह दूध, लिंबाची साल आणि इसेन्स घालावा. सगळे साहित्य खोलीच्या तापमानाचे असावे.

५. कोरडे मिश्रण तीन वेळा करून हलक्या हाताने मिसळावे. पांढरा मैदा दिसेनासा झाला की थांबावे. अंगात जोर असलेल्या कॅडेटने इथे तो वापरू नये. जास्त ढवळले की ग्लुटेनचे धागे ताणले जातात आणि केक रबरासारखा होतो.

६. साच्याच्या प्रत्येक कंगोऱ्यात आणि मधल्या नळीलाही ब्रशने तूप लावून मैदा भुरभुरावा. हे मिश्रण ओतण्याच्या अगदी आधी करावे. आधीच करून ठेवले तर तूप ओघळून तळाशी जमते. साचा तीन-चतुर्थांशाच्या वर भरू नये.

७. साधारण ४५ ते ५५ मिनिटे भाजावा. चाळिसाव्या मिनिटापासून तपासावे. केकमध्ये खुपसलेल्या काडीला ओले पीठ नको, पण एक-दोन ओलसर कण लागलेले हवेत. काडी अगदी कोरडी निघण्याची वाट पाहिली, तर तेवढा वेळ पाणी उडत राहते.

८. बाहेर काढल्यावर १० ते १५ मिनिटे साच्यातच ठेवावा आणि मग जाळीवर उलटा करावा. लगेच काढला तर मोडतो, पूर्ण गार होऊ दिला तर चिकटतो. गरम असतानाच ६० मिलि पाणी, ६० ग्रॅम साखर आणि लिंबाच्या रसाचा पाक ब्रशने लावावा.

पालक लेहसारख्या उंच ठिकाणी तैनात असतील तर थोडा बदल लागतो. ३,५०० मीटरवर पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळते आणि हवेचा दाब कमी असल्याने केक भराभर फुगून मधे बसतो. तिथे बेकिंग पावडर निम्मी करावी, साखर दोन-तीन चमचे कमी आणि दूध तेवढेच जास्त घ्यावे.

खसखशीबद्दल दोन शब्द

आपल्याकडे अनारशाला लागते ती पांढरी खसखस, युरोप-अमेरिकेतली निळसर काळी. दोन्ही अफूच्या बोंडातलेच बी आहे. भारतात अफूची शेती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशच्या ठरावीक भागांतच परवान्याने होते. परवाना देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचे मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. बी स्वतः नशा आणत नाही आणि आपल्याकडे वाण्याच्या दुकानात ते उघड मिळते. पण बोंडाचा चीक बियांना बाहेरून लागलेला असू शकतो आणि त्याचा अंश लघवीच्या तपासणीत दिसू शकतो. म्हणूनच फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या सैनिकांना खसखस टाळण्याची सूचना दिली. स्पर्धेच्या काळात खेळाडूंना मॉर्फिन निषिद्ध आहे. त्यामुळे ज्यांची अशी तपासणी होणार असेल, त्यांच्यासाठी खसखशीऐवजी भाजलेले पांढरे तीळ घालावेत. चव बदलते, पण दाताखाली येणारा कुरकुरीतपणा तसाच राहतो.

आखाती देशांत कोणी नातेवाईक असतील, तर हा केक त्यांच्याकडे पाठवू नये. संयुक्त अरब अमिरात आणि सौदी अरेबियात खसखस नेण्यास बंदी आहे आणि शिक्षा कडक आहे. आपल्या घरात मसाल्याच्या डब्यात असलेली वस्तू विमानतळावर गुन्हा ठरू शकते, हे घरातल्या मोठ्यांनाही सांगून ठेवावे.

प्रवासासाठी बांधताना

केक पूर्ण गार झाल्याशिवाय गुंडाळू नये, नाहीतर वाफेचे पाणी वर जमून बुरशी येते. आधी बटर पेपर, मग घट्ट झाकणाचा डबा. घरून कापून आणू नये, कापलेली प्रत्येक बाजू वाळते. फ्रिजमध्येही ठेवू नये, थंडीत केकमधला स्टार्च लवकर कडक होतो. हिवाळ्यात तो चार दिवस चांगला राहतो, मे महिन्यात मात्र दोन दिवसांत संपवावा.

बंट साच्याचे कंगोरे हीच कापायची खूण. बहुतेक साच्यांत दहा-बारा कंगोरे असतात आणि प्रत्येकाचे मधोमध दोन केले की वीस-चोवीस तुकडे होतात. डॉर्मिटरीतल्या सगळ्यांना एकेक पुरतो. दोन दिवसांत संपवण्याची काळजी मग घरच्यांनी करू नये.