खाऱ्या वाऱ्यावरचा ग्लायडर : विजेवर उडणाऱ्या मॉडेल विमानांचा मागोवा

३० जून १९५७ रोजी इंग्लंडमध्ये कर्नल एच. जे. टॅपलिन यांनी ‘रेडिओ क्वीन’ नावाचे मॉडेल विमान विजेच्या मोटरवर आणि चांदी-जस्ताच्या बॅटऱ्यांवर उडवून दाखवले, आणि रेडिओने चालवलेल्या विद्युत उड्डाणाचा नोंदवलेला इतिहास सामान्यतः या तारखेपासून धरला जातो. त्याच सुमारास जर्मनीत फ्रेड मिलित्की हे विजेवरच्या मुक्त उड्डाणाचे, म्हणजे हातातून सुटल्यावर ज्याच्यावर जमिनीवरून कोणतेही नियंत्रण उरत नाही अशा मॉडेलचे, प्रयोग करत होते. त्यांच्या प्रयोगांतून आलेले ‘सायलेंशियस’ हे मॉडेल ग्राउपनर कंपनीने १९६० मध्ये बाजारात आणले. पुढे २१ ऑक्टोबर १९७३ रोजी ऑस्ट्रियात माणूस घेऊन उडालेले पहिले विजेवरचे विमानही मिलित्की यांच्याच आराखड्यानुसार एका मोटर-ग्लायडरमध्ये बदल करून तयार झाले, आणि ते काही मिनिटे हवेत राहिले. तेव्हापासून आजपर्यंतच्या काळाकडे वसई-विरारच्या किनाऱ्यावरून पाहिले असता दोन गोष्टी ठळकपणे जाणवतात. ग्लायडरच्या पंखामागचे शास्त्र फारसे बदलले नाही, मात्र साठवलेल्या विजेचे वजन झपाट्याने उतरले. आणि हा छंद सामान्य घरातील विद्यार्थ्याच्या आवाक्यात यायला लागला, त्याच वर्षांत तो करायला लागणारी मोकळी जमीन या भागातून कमी होत गेली.

ग्लायडर म्हणजे इंजिनाच्या सततच्या जोरावर न उडता, उंचीचा साठा हळूहळू खर्च करत तरंगणारे विमान. त्याला आधी कोणीतरी वर न्यावे लागते. पुण्याजवळ हडपसर येथील ग्लायडिंग सेंटरमध्ये, जेथे माणूस बसवून उडवायचे खरे ग्लायडर वापरले जातात, हे काम विंच करते, म्हणजे धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला असलेले यंत्र तारेने ग्लायडर ओढून त्याला पतंगासारखे वर चढवते. मॉडेल ग्लायडरसाठी हेच काम बराच काळ दोरी घेऊन धावणारा सहकारी किंवा जमिनीत खुंटी ठोकून ताणलेली लांब रबरी नळी करत असे, आणि दोन्हींसाठी शंभर-दोनशे मीटरची सरळ, अडथळ्याविना जागा लागे. महाराष्ट्रातील अनेक मुलामुलींची मॉडेल विमानांशी पहिली ओळख अर्थात ग्लायडरमधून झाली नाही. ती राष्ट्रीय छात्रसेनेच्या, म्हणजे एनसीसीच्या हवाई शाखेतून झाली, जिची मुंबईतील तुकडी १९५० मध्ये उभी राहिली आणि जिच्या शिक्षणक्रमात एरोमॉडेलिंगला आजही स्थान आहे. तेथे प्रामुख्याने कंट्रोल लाइन प्रकार शिकवला जाई, ज्यात छोट्या इंधन इंजिनाचे विमान दोन बारीक तारांच्या टोकाला चालकाभोवती गोल फिरते. हा प्रकार शिस्त आणि हाताची सफाई शिकवतो यात शंका नाही, पण त्यातून हवेचे वाचन येत नाही.

मोटर लावलेल्या ग्लायडरने दोरीची गरज संपवली, तरी विजेची मोटर प्रत्यक्ष उपयोगी ठरायला मध्ये जवळजवळ चार दशके गेली, आणि याचे कारण साध्या गणिताने दाखवता येते. पंखांचा विस्तार २ मीटर आणि एकूण वजन १ किलो असलेला ग्लायडर १२० मीटर उंच न्यायचा तर सुमारे १,१८० ज्यूल, म्हणजे वॉट-तासाचा जेमतेम एक तृतीयांश भाग, इतकी ऊर्जा पुरते. मोटर आणि पंखा मिळून निम्म्याहून अधिक ऊर्जा वाया घालवतात असे धरले तरी एका चढाईला सव्वा वॉट-तासाच्या आत भागते. निकेल-कॅडमियमच्या काळात सात सेलचा, ८.४ व्होल्टचा आणि १.७ अँपिअर-तासाचा संच साधारण १४ वॉट-तास देत असे, पण त्याचे वजन पावणेचारशे ग्रॅमच्या पुढे जाई, आणि त्याबरोबरची कार्बनच्या ब्रशांची मोटर आणखी दोनशे ग्रॅम घेई. ग्लायडरच्या निम्म्याहून अधिक वजन केवळ वर चढण्याच्या सामग्रीतच गेल्यावर त्याला वेगाने उडावे लागे, आणि वेगाने उडणारा ग्लायडर खाली येतोही वेगाने. लिथियम-पॉलिमर बॅटरी, जिला या क्षेत्रात सगळेच ‘लायपो’ म्हणतात, एकविसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत मिळू लागली, तेव्हा तेवढेच १४ वॉट-तास तीन सेलच्या ११.१ व्होल्टच्या १,३०० मिलीअँपिअर-तास संचात सुमारे ११० ग्रॅममध्ये बसले. ब्रश नसलेली मोटर साठ-सत्तर ग्रॅमवर आली. एका भारणीत दहा चढाया सहज होतात, हे पूर्वीच्या पिढीला खरे वाटले नसते.

ताकद इतकी मुबलक झाली की स्पर्धांचे नियमच उलट दिशेने लिहावे लागले. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या, म्हणजे एफएआयच्या ‘एफ५जे’ या विद्युत ग्लायडरच्या प्रकारात मोटर जास्तीत जास्त ३० सेकंद चालवता येते, आणि जितक्या उंचीवरून तरंगायला सुरुवात केली तितके गुण कापले जातात : २०० मीटरपर्यंत दर मीटरला अर्धा, त्यावरच्या प्रत्येक मीटरला तीन. दहा मिनिटे हवेत राहायचे असल्याने चालकाला कमी उंचीवर मोटर बंद करून हवेतच वर चढणारी जागा शोधावी लागते. या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ मध्ये स्लोव्हाकियातील त्रनावा येथे झाली. नियमांच्या या रचनेत ग्लायडिंगचा मूळ गाभा जपला गेला आहे, आणि विजेच्या सोयीने कौशल्य बोथट होऊ दिले नाही याचे श्रेय ती रचना करणाऱ्यांना द्यायला हवे.

रेडिओच्या बाजूनेही असाच एक अडसर दूर झाला. जुने संच २७, ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झवर चालत, प्रत्येकाला ठरावीक क्रिस्टल असे, आणि एकाच मैदानात दोघांनी तीच वारंवारिता चालू केली तर एकाचे विमान हमखास कोसळे. २.४ गिगाहर्ट्झच्या संचांत प्रेषक आणि ग्राहक एकमेकांना सांकेतिक ओळखीने बांधलेले असल्याने ही भीती बहुतांशी गेली. भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ मध्ये परवानामुक्त झाला, आणि साधारण त्याच सुमारास या पट्ट्यावरचे मॉडेलचे संच जगाच्या बाजारात आले. हा योग भारतातील छंदाला चांगलाच पथ्यावर पडला.

विरारहून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, बॅटऱ्या, तारा, कनेक्टर आणि मोटरी शोधणे ही वसई-विरारच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला नवी गोष्ट नाही. बांधणीचे साहित्य मात्र काळानुसार बदलले. बाल्सा हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील अत्यंत हलके लाकूड दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. त्याच्या बारीक पट्ट्या आणि पंखांच्या छेदाच्या आकाराच्या फासळ्या जोडून सांगाडा करायचा आणि त्यावर कागद किंवा उष्णतेने ताणली जाणारी फिल्म चढवायची, अशी ती रीत. किनाऱ्यावरच्या दमट हवेत या रीतीची कसोटी लागते, कारण पावसाळ्यात लाकूड ओलावा धरते, फिल्म सैल पडते आणि एका पंखाला किंचित पीळ बसतो. असा पीळ डोळ्यांना क्वचितच दिसतो, पण पहिल्याच उड्डाणात विमान त्या बाजूला वळत राहते. फोमने ही अडचण बरीच कमी केली. दोन्ही बाजूंनी कागद असलेला फोम बोर्ड स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, थर्माकोलचा पंख गरम तारेने कापता येतो, पंखात कण्यासारखी कार्बनची नळी घातली की तो वाकत नाही. एक सावधगिरी येथे आवर्जून नोंदवायला हवी : ग्लू गनने जोडलेले सांधे एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडीत ठेवल्यास मऊ पडतात, आणि शेपटी तिरकी झालेली मैदानात पोहोचेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

चाचणी उड्डाण हा या छंदातील सर्वांत गंभीर भाग, आणि तो घरीच सुरू होतो. पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या रुंदीला जीवा म्हणतात. जीवेच्या पुढून ३० ते ३३ टक्क्यांवर दोन बोटांनी विमान उचलले असता ते आडवे, नाक किंचित खाली, स्थिर राहिले पाहिजे. ही जागा बॅटरी पुढेमागे सरकवून साधावी, शिसे घालून साधणे हा शेवटचा उपाय. त्यानंतर रेडिओची शक्ती कमी करून ठरावीक अंतरावरून पृष्ठभाग हलतात का ते पाहायचे, मोटर बंद ठेवून वाऱ्याच्या तोंडावर नाक क्षितिजाला धरून विमान सरळ ढकलायचे, आणि ते लांबवर सपाट तरंगत गेले तरच मोटर सुरू करायची. उंचीवर गेल्यावर आणखी एक परीक्षा घेतली जाते : विमानाला साधारण चाळीस अंशांच्या सुराने खाली सोडून एलिव्हेटर, म्हणजे शेपटीवरचा वर-खाली नेणारा पृष्ठभाग, मोकळा करायचा. ते झटकन वर आले तर नाक जड आहे, सूर आणखी तीव्र झाला तर शेपटी जड आहे, आणि हळूहळू सावरले तर तोल योग्य. बॅटरीचा एक सेल ३ व्होल्टच्या खाली न जाऊ देणे आणि घरी ठेवताना ३.८ व्होल्टवर आणून ठेवणे हे नियमही याच परीक्षेचा भाग मानावेत, कारण फुगलेली लायपो पेट घेऊ शकते.

वसईच्या किनाऱ्याने या सामान्य रीतीत आपली भर घातली आहे. अर्नाळा, कळंब आणि राजोडी येथील किनारे ओहोटीला रुंद आणि घट्ट होतात, पण त्यांच्या मागे सुरूची रांग उभी आहे. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. ते हलके असले तरी सुरूवरून उतरताना किनाऱ्यावर त्यांचे भोवरे पडतात, आणि निष्णात नसलेल्या हातातला ग्लायडर नेमका फेकल्यानंतरच्या क्षणी डळमळतो. दुपारी खारे वारे सुटतात. एप्रिल-मे महिन्यांत ते ताशी वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत वाढतात, आणि ताशी तीस किलोमीटरने तरंगणाऱ्या ग्लायडरला त्यांच्या तोंडावर जागेवरून फारसे पुढे जाता येत नाही, तर पाठ फिरवताच तो क्षणात माडांच्या वाडीवर पोहोचतो. म्हणून मतलई थांबून खारा वारा अजून भरलेला नसतो तो सकाळचा मधला काळ आणि सूर्यास्तापूर्वी वारा पडतो तो अर्धा-पाऊण तास, हीच पहिल्या उड्डाणाची योग्य वेळ होय. समुद्रावरून येणारी हवा थंड आणि स्थिर असल्याने किनाऱ्यालगत ‘थर्मल’, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून उठणारे उष्ण हवेचे स्तंभ, क्वचित मिळतात. ते हवे असतील तर रेल्वेमार्गाच्या पूर्वेला, तुंगारेश्वरच्या पायथ्याकडील भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांवर, पंख न हलवता घिरट्या घालणाऱ्या घारींकडे पाहावे. संक्रांतीच्या दिवसांत मात्र पतंगांच्या मांज्यामुळे वस्तीजवळ उड्डाण टाळणेच शहाणपणाचे.

कायद्याची चौकट २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी बरीच सुटसुटीत केली. करमणुकीसाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानाला प्रकार प्रमाणपत्र लागत नाही, आणि २ किलोच्या आतील विमान बिगरव्यावसायिक हेतूने उडवायला वैमानिक परवाना लागत नाही. हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत उंचीची मुभा आहे. पोलीस आयुक्तालयाकडून वेळोवेळी निघणारे मनाई आदेश मात्र उड्डाणापूर्वी पाहावेच लागतात. १२० मीटरवरून सेकंदाला अर्धा मीटर उतरणारा ग्लायडर शांत हवेत चार मिनिटे राहतो, तेव्हा ही मर्यादा शिकणाऱ्याला मुळीच जाचक नाही.

जाच आहे तो जमिनीचा. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती, आणि त्यानंतर नालासोपारा, विरार आणि नायगावच्या बाजूंना जुनी शेते आणि मिठागरे इमारतींनी वेढली जात आहेत. पश्चिम पट्ट्यातील वाड्या आणि खाजणे जी काही टिकली, त्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘हरित वसई’ चळवळीचा वाटा मोठा आहे. विमानांचा विचार त्या चळवळीत नव्हता, तरी तिने राखलेल्या मोकळ्या आकाशाचा लाभ या छंदालाही झाला. वसई-विरार शहर महानगरपालिकेने तालुक्यातील महाविद्यालये आणि छात्रसेनेची पथके यांच्याशी बोलून, वस्तीपासून दूर असलेले एक मैदान आठवड्यातील ठरावीक दोन सकाळी मॉडेल उड्डाणासाठी राखून ठेवावे, तेथे प्रथमोपचाराची आणि बॅटरीच्या आगीसाठी वाळूच्या बादलीची सोय करावी, आणि नवशिक्यांनी अनुभवी चालकाच्या देखरेखीखालीच उड्डाण करावे असा नियम घालून द्यावा.