फुटपाथ झाडायचा कुणी?

न्यूयॉर्कला लेक दिलेल्या मैत्रिणींना ठाऊक असेल, तिथे दिवसा बर्फ पडायचे थांबले, की चार तासांत घरापुढचा फुटपाथ घरमालकानेच मोकळा करायचा! आपल्या बिबवेवाडीत बर्फ नाही. पण पावसाळ्यात शेवाळ नि चिखल आहेच. तो काढायचा कुणी? १९४९ च्या महानगरपालिका कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यांची सफाई नि देखभाल हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य. रस्त्यात फुटपाथही आलाच. चालण्याजोगा फुटपाथ हा नागरिकाचा हक्कच, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये सांगितले. तेव्हा भगिनींनो, घरातली वडील मंडळी घसरून हाड मोडण्याआधीच क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मात्र आपले सांडपाणी, कुंड्या नि कचरा फुटपाथवर जाऊ न देणे, हे काम आपलेच बरं का!