श्रद्धा हातांत उतरते तेव्हा

श्रोतेहो, दुष्काळ म्हणजे काय, हे झरीच्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. पण दुष्काळात धर्म कसा पाळावा, हे पंडिता रमाबाईंकडून शिकण्याजोगे आहे.

रमाबाईंचे आईवडील दुष्काळाच्याच हालांत गेले. पुढे १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून पुष्कळ वादंग माजले. बाईंनी उत्तर दिले ते कामाने. १८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले. तेथे विधवांना शिक्षण मिळू लागले. १८९६-९७ चा दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यात केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. नुसते दोन वेळचे जेवण दिले असते, तर मुली जगल्या असत्या. पण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतच. म्हणून बाईंनी त्यांना लिहावाचायला शिकवले. विणकाम, शेती, छापखाना अशी कामे हाती दिली. अंध मुलींना ब्रेल लिपी मिळाली. १९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा मुक्तीतून बायका मदतीला गेल्या. दिव्याने दिवा लागतो, तो असा.

गुरुजी, बाई, तुमचा धर्म कोणताही असो. वर्गात मागे पडलेले एखादे पोर असेलच. त्याला हात द्या. आणि ते सावरले, की धाकट्याला शिकवायला त्यालाच बसवा.